चऱ्होलीच्या चौकोनावर माझी सही नाही

थेरगावात आम्ही राहतो ती गल्ली पुढे बंद आहे. डांगे चौकाकडून आत वळलं की आधी पिठाची गिरणी, मग टेलर, मग आमची इमारत, आणि तिच्यापुढची पाच-सहा घरं संपली की नाल्याकडेची भिंत. आम्ही लातूरहून इथे राहायला आलो तेव्हाही ती होती. नवखा माणूस गाडी घेऊन शिरला की भिंतीपर्यंत जातो, फोनकडे बघतो, मग भिंतीकडे बघतो आणि गाडी वळवायला जागा शोधतो. भाजी चिरता चिरता स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी हे वर्षानुवर्षं बघत आले आहे.

एके दिवशी ऑफिसात माझ्या स्क्रीनवर तीच गल्ली आली. नकाशात ती भिंतीतून आरपार जाऊन, नाला ओलांडून पलीकडच्या मोठ्या रस्त्याला मिळाली होती. आणि तपासणीत तिला पैकीच्या पैकी गुण पडले होते.

ते ऑफिस चिंचवडला, स्टेशनजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. आम्ही नऊ जण. लोकांनी मिळून काढलेला एक नकाशा असतो. कोणीही फोनवरून त्यात रस्ता, दुकान, देऊळ, नळ घालू शकतं. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणाऱ्या एका कंपनीला आमच्याकडून जाणून घ्यायचं होतं, की आमच्या भागात हा फुकटचा नकाशा वापरण्याजोगा आहे का. त्यांच्या मुली स्कूटरवर बर्फाची पेटी बांधून फिरतात, पत्ता सापडायला उशीर झाला की नमुना खराब होतो. तर आम्ही शहराचे चौकोन पाडले होते. त्यातले काही निवडायचे, आणि प्रत्येक चौकोनात लोकांचा नकाशा एका विकतच्या नकाशावर ठेवून बघायचा. जुळलं तर बरोबर, नाही जुळलं तर चूक. लोकांच्या नकाशात काही जास्तीचं असेल तर तीही चूक. विकतच्या नकाशाला सगळे ‘मास्टर’ म्हणायचे. चौकोन संपला की फॉर्मवर गुण लिहायचे आणि खाली तपासणाऱ्याची सही.

मी टीम लीडरला माझ्या टेबलाशी बोलावलं. तो इंजिनिअर मुलगा माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, शांत, कधी आवाज न चढवणारा. मी त्याला म्हटलं, सर, ही गल्ली चुकीची आहे, इथे मी राहते. त्याने वाकून पाहिलं. दोन्ही नकाशे जुळतायत, म्हणाला. मी म्हटलं, दोन्ही चुकलेत. वरून काढलेल्या फोटोत नाल्यावरची पत्र्याची शेड रस्त्यासारखी दिसते. मास्टरवाल्याने फोटो बघून रेघ ओढली, आणि लोकांच्या नकाशात कुठल्या तरी लांबच्या माणसाने तोच फोटो बघून तीच रेघ ओढली. दोघांनी एकाच वहीतून कॉपी केली म्हणून उत्तर बरोबर होत नाही.

तो हसला. वाईट नाही, समजूतदार हसला. मग म्हणाला, “मॅडम, आपण तुलना करायची, चौकशी नाही.”

हे वाक्य मला लागलं. का लागलं ते सांगते.

त्याच्या आधी अकरा वर्षं मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होते. फायनल इन्स्पेक्शन. समोरून भाग यायचा, मी त्यात गेज, म्हणजे मापाची सळई, घालायचे. एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. जमलं तर हिरवा ट्रे, नाही तर लाल. पहिल्या वर्षी एकदा सुपरवायझरने सांगितलं म्हणून मी एक लॉट न मोजता पास केला. गाडी भरायची घाई होती. तो माल चार दिवसांनी परत आला, आणि स्लिपवर माझी सही होती. सुपरवायझर तेव्हा कुठे दिसला नाही. मला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं गेलं. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तोही स्वतःचाच. त्यानंतर दहा वर्षं, मोजल्याशिवाय मी कुठल्याही कागदावर सही केली नाही. लोक मला आडमुठी म्हणायचे. म्हणू दे, म्हटलं.

मग आमची लाइनच दुसऱ्या राज्यात गेली आणि आम्ही बायका घरी बसलो. नवऱ्याची नोकरी भोसरीत चालू होती, पण मला घरी बसणं जमेना. ओळखीतून हे नकाशाचं काम मिळालं. मुलाखतीत विचारलं, कॉम्प्युटर येतो का. थोडा येतो, म्हटलं, पण चूक पकडता येते. यावर ते खूश झाले होते.

तर ‘तुलना करायची, चौकशी नाही’. कारखान्यात मास्टरलाही कोणी तरी तपासतं. गेजवर एक चिठ्ठी असते, हा कधी तपासला आणि परत कधी तपासायचा त्याची. तारीख उलटली की ते गेज कपाटात जातं, कितीही चकचकीत असो. इथे मास्टर कधी तपासला होता हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी दोघा-तिघांना विचारलं. एकाने सांगितलं, विकत घेतलाय म्हणजे बरोबरच असणार.

त्याच आठवड्यात सकाळी खिडकीतून बघते तर एक मुलगी स्कूटर घेऊन आमच्या भिंतीपाशी उभी. मागे निळी पेटी, आमच्या ग्राहक कंपनीची. आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर एक आजी आहेत, त्यांचं रक्त न्यायला आली होती. फोन तिला सांगत होता, सरळ जा. मी खिडकीतूनच हाक मारली आणि मागे यायला सांगितलं. ती घामाघूम होती. दहा मिनिटं याच गल्लीत हिंडतेय, म्हणाली. दोनदा भिंतीपर्यंत जाऊन आली होती, कारण फोन चुकेल असं तिला वाटलंच नाही. आपलंच काही चुकतंय, असं वाटलं.

त्या संध्याकाळी मी लोकांच्या नकाशावर माझं खातं उघडलं. भिंतीशी रेघ तोडली. नाल्यावरून जाणारा तुकडा पुसला. शेरा लिहिला, ‘इथे भिंत आहे, मी इथे राहते.’ माझी पहिली दुरुस्ती. खूप बरं वाटलं.

दर सोमवारी ऑफिसात नकाशाची ताजी प्रत उतरवली जायची. पुढच्या सोमवारी आमच्या चौकोनाचे गुण कमी झाले होते. म्हणजे चूक होती तेव्हा पैकीच्या पैकी, आणि चूक सुधारली तर वजा. मी ते छापून टीम लीडरच्या टेबलावर ठेवलं. त्याने पाहिलं आणि म्हणाला की एका गल्लीने काही फरक पडत नाही. मी विचारलं, इतर गल्ल्यांमध्ये काय आहे ते कुणी पाहिलंय का? त्याला एक फोन आला.

चऱ्होलीचा चौकोन त्यानंतर माझ्याकडे आला.

तो चौकोन जवळजवळ नापास होता. मास्टरमध्ये तिथे दोन रस्ते आणि बाकी मोकळी जागा. लोकांच्या नकाशात रेघांचं जाळंच. नव्या सोसायट्यांमधले रस्ते, शेतांच्या बांधावरच्या वाटा, विजेचे डीपी, नदीकडे उतरणारी पायवाट. मास्टरमध्ये नाहीत म्हणून सगळ्या ‘जास्तीच्या’, म्हणून चूक. नावंही जुळत नव्हती. मास्टरमध्ये एका रस्त्याला बिल्डरच्या प्रकल्पाचं नाव होतं, तर इथे ‘मधला मळा’. आणि हे सगळं एकाच खात्यावरून आलेलं. ऑफिसात आधी कोणी तरी त्या खात्यावर लाल खूण करून ठेवली होती: संशयास्पद.

मला त्या रेघा बघून संशय आला नाही. फोटो बघून ओढलेली रेघ गुळगुळीत असते. या रेघा डगमगत होत्या, मधेच झाडाला वळसा घातल्यासारख्या. माणूस चालून आलेला दिसत होता.

नकाशात प्रत्येक दुरुस्तीखाली निरोप लिहायची सोय असते. मी ऑफिसच्या नव्हे, माझ्या खात्यावरून लिहिलं, की या वाटा आपण स्वतः पाहिल्या आहेत का. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘पाहिल्या नाही, चाललो. या, दाखवतो.’ आणि खाली वेशीपाशी यायची वेळ.

रविवारी नवऱ्याला सांगितलं, चऱ्होलीला जाऊन येते. त्याचं म्हणणं, आठवड्यातून एक दिवस सुट्टी, त्यात ऑफिसचं काम, तेही न सांगितलेलं. मी म्हटलं, ऑफिसचं नाही, माझं. तो उठून स्कूटरच्या चाकांत हवा आहे का बघून आला.

चिंचवड, भोसरी, दिघी करत मी पोचले तेव्हा वेशीपाशी एक साठीचे गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, पँट, पायात कंपनीचे असतात तसे जाड बूट. वीज खात्यात लाइनमन होते, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. घर पिढ्यानपिढ्या तिथलंच. पाठीवर शाळेचं दप्तर, त्यात एक जाड वही. वहीत खांबांचे नंबर होते, ओळीने, आणि दोन खांबांमधलं अंतर पावलांत.

मी त्यांना काका म्हटलं, त्यांनी मला ताई. मी काय काम करते ते सरळ सांगितलं. तुमचं खातं संशयास्पद म्हणून लाल केलंय, हेही सांगितलं. ते रागावले नाहीत, उलट त्यांना मजा वाटली.

“लाल करू दे की. तीस वर्सं आमी या वाटंनी रातंदिस चाललोय. त्यांनी किती चाललंय, इचारा.”

आम्ही चालायला लागलो. मी फोनमध्ये आमची वाट नोंदवत होते. प्रत्येक वाट जाताना एकदा आणि येताना एकदा, कारखान्यात एका मापावर विश्वास ठेवत नाहीत तसं. बारा मजली इमारतींच्या मधे फोनचा ठिपका उड्या मारतो, हे मला तिथे कळलं. आपण रस्त्याच्या मधोमध उभे आणि ठिपका कोणाच्या तरी बाल्कनीत. काका तिथे फोनवर अवलंबून राहत नव्हते. खांबापासून खांबापर्यंत पावलं मोजायचे आणि रेघ हाताने सरकवायचे. मी माझ्याजवळच्या टेपने एक अंतर मोजून पाहिलं. त्यांचं माप हातभरानेही चुकलं नव्हतं. मनात मी ते हिरव्या ट्रेमध्ये टाकलं.

नावांचंही मी तपासलं. वाटेत एक रिक्षावाला उभा होता, त्याला विचारलं, मधला मळा कुठे. त्याने हात करून दाखवलं. भाजीवाल्या बाईंनीही तिकडेच दाखवलं. सोसायटीच्या गेटवरच्या एका तरुण बाईला विचारलं तर तिला मधला मळा माहीत नव्हता, प्रकल्पाचं नाव माहीत होतं. मी काकांना म्हटलं, दोन्ही नावं घालावी लागतील. त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण वहीत लिहून घेतलं. एका रस्त्याची रुंदी त्यांनी जास्त लावली होती, तीही दुरुस्त करून घेतली.

दीड-दोन तास झाले. जवळजवळ सगळं बरोबर होतं. मास्टरमधली मोकळी जागा म्हणजे तीन मोठ्या सोसायट्या, एक शाळा आणि चार दुकानं होती. मला आतून आनंद होत होता. सोमवारी काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते.

मग आम्ही नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर आलो. नकाशात काकांनी ती सलग दाखवली होती, गाडी जाईल इतकी रुंद. आम्ही दोनशे पावलं गेलो असू, आणि समोर एका सोसायटीची कंपाउंड भिंत. वर तारा. नवी कोरी, पिवळा रंग.

काका थांबले नाहीत. भिंतीच्या कडेने चालत राहिले. मी थांबले. मी विचारलं, काका, वाट कुठे आहे?

“ही काय, हीच की.”

मी म्हटलं, इथे भिंत आहे.

“भिंत आत्ता आली. वाट आधीची हाय.”

त्यांनी मला सांगितलं की त्या वाटेने बैलगाड्या जात. त्यांनी स्वतः खांद्यावर तार घेऊन त्याच वाटेने नदीवरच्या पाण्याच्या मोटारींपर्यंत लाइन नेली. सोसायटीने भिंत घातली तेव्हा ते ग्रामस्थांबरोबर दोनदा जाऊन बोलून आले, अर्ज दिला, काही झालं नाही. म्हणून त्यांनी वाट नकाशावर काढली. नकाशावर तरी राहील.

त्यांचं मला पटत होतं. वाट लोकांची होती, भिंत घालणाऱ्याने ती खाल्ली होती. पण माझ्या डोळ्यासमोर ती निळी पेटीवाली मुलगी आली. या रेघेवर विश्वास ठेवून ती इथे आली तर याच पिवळ्या भिंतीशी उभी राहील आणि आपलंच काही चुकलं म्हणेल.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात भिंतीच्या टोकाकडून दोन बायका आल्या. हातात डबे, सोसायटीत कामाला निघालेल्या. टोकाशी भिंत आणि ओढा यांच्यामध्ये हातभर फट होती, तिथून त्या अंग तिरकं करून निघाल्या. मी त्यांना विचारलं, रोज इथूनच येता का. रोज, म्हणाल्या; पुढच्या रस्त्याने अर्धा तास जास्त लागतो. मी त्या फटीतून गेले. साडीचा पदर तारेला अडकला, तो सोडवला. पलीकडे वाट परत सुरू होत होती, नदीपर्यंत. परत आले आणि काकांना सांगितलं, की ही पायवाट आहे. चालणाऱ्यांसाठी आहे, गाडीसाठी नाही. मी तशीच नोंदवणार.

त्यांचा चेहरा बदलला. “म्हंजी तुमी बी भिंतवाल्यांच्याच.”

मी म्हटलं, “काका, मी कोणाचीच नाही. गाडी जात असेल तर मला आत्ता घालून दाखवा.”

ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग वही दप्तरात घातली आणि पुढे चालू लागले. वेशीपर्यंत ते माझ्या चार पावलं पुढेच होते. सकाळी ते म्हणाले होते की घरी चहा घेऊनच जायचं. चहाचं नाव निघालं नाही. स्कूटर चालू करताना मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू. ज्यांच्या बाजूने लढायला आले त्यांनाच दुखवून निघाले होते. पण दिघीपर्यंत येता येता मी स्वतःला दहा वेळा विचारलं, की परत तीच वेळ आली तर मी वेगळं नोंदवीन का? नाही नोंदवणार.

सोमवारी मी चऱ्होलीचा फॉर्म भरला. जुळणीचे गुण जे होते तेच लिहिले, कारण आकडा मी बदलणार नव्हते. पण खाली हाताने एक पान जोडलं. कुठली वाट चालून पाहिली, कुठे मास्टर जुना आहे, कुठे लोकांचा नकाशा चुकलाय. पिवळी भिंतही लिहिली आणि आमची थेरगावची भिंतही. शेवटी लिहिलं, की हा चौकोन मास्टरच्या आधाराने नापास करणं चूक आहे. आणि सहीची जागा रिकामी सोडली.

टीम लीडरने ते पान दोनदा वाचलं. त्याने मला आतल्या खोलीत बोलावून सांगितलं की काम चांगलं आहे, पण फॉर्ममध्ये अशा पानाला जागा नाही. ग्राहकाने मागितलंय तेवढंच द्यायचं. पान काढू आणि तुम्ही सही करा. मी म्हटलं, पान ठेवा, लगेच सही करते. पान काढणार असाल तर सही तुमची.

दोन दिवसांनी ग्राहक कंपनीच्या एक बाई स्क्रीनवर आल्या. मीटिंगला आम्हा सगळ्यांना बसवलं होतं. टीम लीडरने रंगीत तक्ते दाखवले. थेरगाव हिरवं, चऱ्होली लाल. बाईंनी विचारलं, कोणाला काही सांगायचंय का. असं विचारतात तेव्हा कोणी काही सांगायचं नसतं, हे मला माहीत आहे.

मी विचारलं, “या मास्टरचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं?”

बाईंना शब्द कळला नाही, म्हणून मी हिंदीत समजावलं. ज्या मापाने आपण मोजतोय ते माप कधी मोजलं होतं? टीम लीडर म्हणाला, हे आपण नंतर बघू. मी म्हटलं, आत्ता बघू, आणि थेरगावच्या हिरव्या चौकोनात माझ्या घरापुढे तुमची मुलगी कशी अडकली ते सांगितलं. चऱ्होलीच्या लाल चौकोनात तीन सोसायट्या आहेत ज्या मास्टरला माहीतच नाहीत, हेही. चऱ्होलीचा नकाशा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, म्हटलं, एक चूक मी स्वतः काढलीय. पण ती चूकही तुमच्या तक्त्यात नाही, कारण तिथे सगळंच लाल आहे.

बाईंनी काही तरी टिपून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की हे लेखी पाठवा. टीम लीडर हो म्हणाला.

लेखी गेलं नाही. आठवड्याने अहवाल गेला, त्यात माझं पान नव्हतं, आणि चऱ्होलीच्या फॉर्मवर टीम लीडरची सही होती. त्याने मला स्वतःहून येऊन सांगितलं. डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. घरी लहान बाळ आहे, म्हणाला, आणि हे काम गेलं तर टीम जाईल. मी त्याला वाईट बोलले नाही. त्याच्या वयाची असताना मीही केलीच होती एक सही. पण मला समजून घ्या असं तो म्हणाला तेव्हा मी नाही म्हटलं. समजतं मला, सोडून देणार नाही.

मला दुकानांची नावं टाइप करायला बसवलं. तीन महिन्यांनी करार संपला, तो पुढे वाढवला नाही. त्या कंपनीने पुढे कुठला नकाशा घेतला मला माहीत नाही. नवरा म्हणाला, एका सहीसाठी नोकरी घालवलीस. मी म्हटलं, हो. त्याच रात्री मात्र लातूरच्या घरी फोन लावून त्याने तीच गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आणि सांगताना त्याचा आवाज चांगलाच चढला होता.

काकांचं आणि माझं मात्र सुरू राहिलं. मी नदीची वाट पायवाट केली होती. चार दिवसांत त्यांनी ती परत गाडीरस्ता केली. मी परत पायवाट केली आणि शेरा लिहिला, ‘भिंत आहे. फटीतून चालत जाता येतं.’ त्यांनी परत बदलली, शेरा, ‘भिंत बेकायदा.’ मी बदलली, शेरा, ‘बेकायदा आहे पण आहे.’ असं पाच-सहा वेळा झालं. नकाशावरच्या कोणी तिसऱ्याने मधे येऊन दोघांनाही शिस्तीने वागायला सांगितलं. दोघांनीही त्याला उत्तर दिलं नाही.

मग एकदा मी पाहिलं तर वाट पायवाट होती आणि बदल त्यांचा होता. पण तेवढ्यावर ते थांबले नव्हते. नकाशात भिंतही रेखली होती, टोकापासून टोकापर्यंत, पावलांनी मोजून. फट दाखवली होती. आणि भिंतीच्या आतबाहेर उभे असलेले त्यांचे जुने सात खांब नंबरासह दाखवले होते, ज्यांतले तीन आता सोसायटीच्या बागेत आहेत. कोणीही नकाशा उघडला की दिसावं, ही लाइन आधी कुठून जात होती. शेरा काही नव्हता. एका रविवारी जाऊन मी प्रत्येक खांब तपासला. सगळे बरोबर होते. मी एकही हलवला नाही.

आता मी परत चाकणला आहे, एका छोट्या वर्कशॉपमध्ये, इन्स्पेक्शनलाच. सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढते आणि एक भाग निवडते. मागच्या रविवारी महाळुंग्याकडच्या कारखान्यांमधल्या एका रस्त्यावर होते. नकाशात तो खाजगी दाखवलाय, आणि जागेवर सार्वजनिक रस्ता असल्याचा सरकारी दगड उभा आहे. मी दगडाचा फोटो घेतला, टेप लावून रुंदी मोजली. जवळच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला उठून आला. त्याने विचारलं, ताई, काय करताय, कोणी पाठवलंय तुम्हाला?

कोणी नाही, म्हटलं, आणि टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.